विद्यार्थ्यांच्या गटाकडून जुन्या ट्रॅक्टरची पुनर्बांधणी कशी करून घ्यावी

आयटीआयमध्ये 'मेकॅनिक ट्रॅक्टर' हा अभ्यासक्रम शिकवणाऱ्या निदेशकांनी अशा कामासाठी ट्रॅक्टर निवडताना तो किती जुना आहे यापेक्षा त्याचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात की नाही, हे आधी पाहावे. या दृष्टीने चेन्नईच्या टॅफे कंपनीचा मॅसी फर्ग्युसन 1035 सोयीचा ठरतो. त्याचे तीन सिलिंडरचे सिम्पसन इंजिन गावोगावच्या मिस्त्रींच्या हाताखालून गेलेले असते आणि लायनर (सिलिंडरच्या आतली नळी), पिस्टन, गॅस्केट, क्लच प्लेट यांसाठी फार हिंडावे लागत नाही. व्यवहारापूर्वी आरसी बुक मात्र तपासून घ्यावे.

ट्रॅक्टर आवारात आला की मुलांना तो लगेच खोलायचा असतो. पहिल्या दिवशी कोणाच्याही हाती पाना देऊ नये. बॅटरीची अर्थ वायर काढून ठेवावी, वायरिंगचे आणि डिझेलच्या नळ्यांचे सर्व बाजूंनी फोटो काढावेत, आणि मगच निदानाला लागावे. ऑइल सम्पचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा, बोल्ट हळूहळू सैल केल्यावर ऑइलच्या आधी पाणी बाहेर आले, तर हेड गॅस्केट, तडकलेले हेड किंवा लायनर, नाहीतर वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या इंजिनात साचलेली वाफ, यांपैकी काय असू शकेल याची चर्चा तिथेच, सर्वांसमोर व्हावी. त्यानंतर नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) काढून इंजिन हाताने फिरते का ते पाहावे. जाम असल्यास सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइलचे मिश्रण ओतून काही दिवस मुरू द्यावे. गिअर टाकून दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढण्याचा सल्ला कोणी ना कोणी देतोच. तो मानू नये, कारण अडकलेल्या पिस्टनवर तसा झटका बसला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

क्लचपर्यंत पोहोचण्यासाठी हा ट्रॅक्टर मधोमध सोडवावा लागतो, आणि सर्व कामांत हेच सर्वांत जोखमीचे आहे. या ट्रॅक्टरला वेगळी चासी नसते. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल एकमेकांना बोल्टने जोडून अंग तयार झालेले असते. पुढचा ॲक्सल एकाच पिनवर झुलत असल्यामुळे मागचा भाग सुटताच इंजिन कोणत्याही बाजूला कलंडू शकते. म्हणून ॲक्सल आणि त्यावरचा आधार यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी घट्ट ठोकाव्यात, मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत आणि दोन्ही भागांखाली भक्कम घोड्या (वजन पेलणारे स्टँड) ठेवाव्यात. नुसत्या जॅकवर वजन सोडू नये. या वेळी सूचना फक्त निदेशकांनी द्याव्यात. क्लच आणि ब्रेकच्या जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे ती धूळ हवेच्या दाबाने न उडवता ओल्या फडक्याने पुसावी.

इंजिन खोलताना पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या) ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने पुठ्ठ्याला भोके पाडून त्यात खोचावेत, आणि बेअरिंगच्या कॅपवर सिलिंडरचा क्रमांक व दिशा दाखवणारी खूण आहे याची खात्री करावी. खरे शिक्षण मापे घेताना होते. लायनर वरच्या बाजूला, जिथे पहिली रिंग थांबते तिथे, सर्वाधिक झिजतो; म्हणून बोअर गेजने (आतला व्यास मोजण्याच्या साधनाने) वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन आडव्या-उभ्या दिशांनी माप घ्यावे. प्रत्येक विद्यार्थ्याने आपले आकडे शेजाऱ्याला न दाखवता लिहावेत आणि नंतर ते फळ्यावर मांडावेत. आकड्यांतील फरक पाहून गेज कसे धरायचे हे जेवढे कळते, तेवढे व्याख्यानाने कळत नाही. हौशी मुले पाना सोडत नाहीत आणि अबोल मुलांच्या वाट्याला वही येते, तेव्हा कामाची आलटापालट ठरवूनच करावी.

व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासणे, रिंगची गॅप फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) तपासणे, सील बदलणे ही कामे विद्यार्थ्यांची. क्रँक ग्राइंडिंग लेथवाल्याकडे आणि डिझेल पंप व नोझल पंपवाल्याकडे द्यावेत, पण ते काम पाहायला गटाला सोबत न्यावे. नोझलमधून निघणारी डिझेलची धार कातडीत घुसू शकते, म्हणून तिच्यासमोर बोट धरू देऊ नये.

जोडणीनंतर फिल्टरपासून पंपापर्यंत आणि शेवटी नोझलच्या नळ्यांतून, याच क्रमाने हवा काढावी. पहिले स्टार्टिंग उघड्यावर, गिअर न्यूट्रलमध्ये आणि चाकांना ठोकळे लावून करावे. पंपात दोष राहिल्यास इंजिन वेग पकडते आणि स्टॉप खेचूनही बंद होत नाही; अशा वेळी इंजिनात हवा जाण्याचे तोंड झाकण्यासाठी एकाने सपाट लाकडी फळी घेऊन उभे राहावे, तळहात कधीही वापरू नये. ऑइल प्रेशर दिसले नाही तर लगेच बंद करावे. इंजिन व्यवस्थित चालल्यावर कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे हेडचे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने कसावेत आणि टॅपेट (व्हॉल्व्हजवळची फट) तपासावेत. रंगकाम अगदी शेवटी, गळती पूर्ण थांबल्यावर हाती घ्यावे, कारण ताज्या रंगावर ऑइल ओघळले की तो भाग पुन्हा खरवडावा लागतो.