कोणतं उपकरण किती रुपयांची वीज खातं? हे घरच्यांना समजेल असं अ‍ॅप-फीचर कसं बनवावं

मे महिन्यात लाईट बिल हातात पडलं की घरात पहिला प्रश्न येतो, ‘एवढं आलं कशानं?’ बिलावर युनिट असतात, आकार असतात, मागच्या महिन्यांचा आलेखही असतो. पण एसीनं किती खाल्लं, गिझरनं किती आणि इंडक्शननं किती, हे त्या कागदावर कुठेच नसतं. मीटर एक, उपकरणं पंधरा. मग संशय दिसेल त्यावर जातो. रात्रभर चालणाऱ्या पंख्यावरून वाद होतात आणि गिझर सुटतो.

हे उत्तर देणारं फीचर दोन-तीन जणांची टीमही बांधू शकते. त्यासाठी प्रत्येक प्लगवर सेन्सर लागत नाही. महावितरणच्या घरगुती ग्राहकाचं उदाहरण घेऊन ते कसं आखायचं, ते पाहू.

पायरी १: आधी बिल सुटं करा

बिलाच्या एकूण रकमेला युनिटांनी भागून ‘दर’ काढू नका. त्या रकमेत थकबाकी असू शकते. स्थिर आकार तर घर महिनाभर बंद असलं तरी येतोच. अ‍ॅपला लागतात ते वीज आकार, वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा), इंधन समायोजन आकार (इंधनाच्या खर्चातल्या चढउताराचा) आणि या सगळ्यांवर बसणारं १६ टक्के वीज शुल्क. पहिले तीन युनिटांप्रमाणे बदलतात. स्थिर आकार वेगळ्या ओळीत ठेवा आणि स्पष्ट लिहा, ‘ही रक्कम कोणतंही उपकरण बंद केल्यानं कमी होणार नाही.’

बिलाचे दिवसही विचारा. एक बिल २९ दिवसांचं आणि दुसरं ३३ दिवसांचं असेल, तर तुलना रोजच्या युनिटांची करावी लागते.

दर कोडमध्ये लिहून ठेवू नका. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचा आदेश आला की ते बदलतात. मुंबईत तर एकाच शहरात बेस्ट, टाटा पॉवर, अदानी आणि महावितरण असे चार पुरवठादार आहेत. म्हणून दरांचा तक्ता वेगळा ठेवा, त्यावर लागू झाल्याची तारीख असू द्या. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांसाठी ‘घरमालक प्रति युनिट एकच दर लावतात’ हा पर्यायही द्या. असे लोक खूप आहेत आणि बहुतेक अ‍ॅप त्यांना विसरतात.

पायरी २: स्लॅब नीट धरा, सगळी गोम इथेच आहे

महावितरणचे घरगुती स्लॅब १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे आहेत. प्रत्येक टप्प्यातल्या युनिटांना त्या टप्प्याचा दर लागतो. ३०० ओलांडले म्हणून आधीचे सगळे युनिट महाग होत नाहीत. हा गैरसमज फार पसरलेला आहे. तो दूर झाला तरी फीचरचं अर्धं काम झालं असं मी मानतो.

हिशेबापुरते दर धरू: पहिल्या टप्प्याला ६ रुपये, दुसऱ्याला १२, तिसऱ्याला १५. एका घरात ३३० युनिट पडले. वीज आकार झाला ६०० + २,४०० + ४५०, म्हणजे ३,४५० रुपये. त्यात एसीचे १२० युनिट आहेत. सरासरी दरानं एसीचा खर्च निघतो सुमारे १,२५५ रुपये. पण एसी लावलाच नसता, तर २१० युनिटांचं बिल १,९२० रुपये झालं असतं. म्हणजे वाचले असते १,५३० रुपये आणि शुल्क धरून सुमारे १,७७५.

कोणता आकडा दाखवायचा? माझं मत ठाम आहे: ‘बंद ठेवलं तर किती वाचतील’ हा. घरात निर्णय त्यावरच होतो. एक काळजी मात्र घ्या. प्रत्येक उपकरणाची अशी वाचणारी रक्कम काढून बेरीज केली, तर ती प्रत्यक्ष वीज आकारापेक्षा जास्त भरते, कारण प्रत्येक उपकरण ‘शेवटचं’ धरून मोजलेलं असतं. म्हणून या रकमांचा गोल आलेख (पाय चार्ट) काढू नका. वाटणी दाखवायची तर युनिटांची दाखवा, रुपये प्रत्येक उपकरणासमोर वेगळे लिहा.

पायरी ३: प्रश्न घरच्या भाषेत विचारा

पहिला कच्चा आराखडा मी मावशीसमोर ठेवला होता. ‘गिझर रोज किती वेळ चालतो?’ या प्रश्नावर ती म्हणाली, “अरे, आंघोळी होईपर्यंत!” तिचं उत्तर अगदी बरोबर होतं. चुकला होता तो प्रश्न. मग विचारलं, “मावशी, रोज किती बादल्या गरम पाणी लागतं?” ती लगेच म्हणाली, “चार. पाहुणे असले की सहा.”

बादलीवरून युनिट काढणं सोपं आहे. २० लिटर पाणी २५ अंशांवरून ४० अंशांवर न्यायला सुमारे ०.३५ युनिट लागतात. गिझरचं कढत पाणी थंड पाण्यात मिसळलं तरी हिशेब तोच राहतो, कारण शेवटी बादलीचं तापमान महत्त्वाचं. थंडीत नळाचं पाणी १५ अंशांवर आलं, तर त्याच बादलीला ०.५८ युनिट लागतात. चार बादल्यांचे महिन्याला ४२ युनिट, थंडीत ७०. साठवणीचा गिझर दिवसभर चालू राहतो का, हा दुसरा प्रश्न विचारा. तसं असेल, तर टाकीतून निघून जाणाऱ्या उष्णतेचे युनिट वर धरावे लागतात.

हीच रीत इतर उपकरणांना लावा. पंख्यासाठी ‘किती पंखे रात्रभर चालतात?’ आणि ‘साधा की बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा)?’ एवढं पुरे. साधा पंखा पूर्ण वेगावर ७५ वॉटच्या आसपास घेतो, बीएलडीसी ३० च्या आसपास. इस्त्रीसाठी आठवड्याला किती कपडे, पंपासाठी टाकी किती वेळा भरते.

फ्रिजसाठी तास विचारूच नका, कॉम्प्रेसर आपोआप चालू-बंद होत असतो. स्टार लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, ते भरायला सांगा. नुसते तारे विचारू नका. ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक होत गेले आहेत, त्यामुळे जुना पाच तारे आणि आजचा पाच तारे एक नव्हेत. एसीच्या लेबलवरचे वार्षिक युनिट १,६०० तासांच्या वापराचे असतात. ८०० युनिट लिहिले असतील तर तासाला सरासरी अर्धा युनिट पडतो. एसी किती अंशांवर असतो हेही विचारा. २०२० पासून विकले जाणारे स्टार लेबलचे एसी चालू केल्यावर २४ वर येतात, पण अनेक घरांत तो रोज खाली आणला जातो.

यादीचा क्रम गाव आणि महिना पाहून बदला. नागपूरला मे महिन्यात कूलर वर हवा, नाशिकला जानेवारीत गिझर.

पायरी ४: मीटरलाच मोजू द्या

इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. शेजारी एका युनिटला किती लुकलुक, तो आकडा छापलेला असतो, उदाहरणार्थ ३२००. घरातलं बाकी सगळं बंद करून एकच उपकरण लावायचं आणि अ‍ॅपमध्ये दर लुकलुकीला बोट टेकवायचं. सूत्र असं: ३६,००,००० गुणिले लुकलुकींची संख्या, भागिले मीटरचा आकडा, भागिले सेकंद. ३२०० च्या मीटरवर दहा लुकलुकी १५० सेकंदांत झाल्या तर उपकरण ७५ वॉटचं. पंख्याची लुकलुक १५ सेकंदांनी येते, ती सहज मोजता येते. २००० वॉटच्या गिझरला मात्र सेकंदाला जवळजवळ दोन होतात, तिथे बोट चुकतं. मोठ्या उपकरणांसाठी कॅमेऱ्यानं मोजण्याची सोय द्या.

सगळी बटणं बंद असूनही दिवा लुकलुकत राहिला, तर प्लगला लावून ठेवलेलं काही राहिलंय का ते पाहायला सांगा आणि तसं नसेल तर वायरमनला बोलावण्याचा सल्ला द्या. मीटरपेटीला किंवा वायरला हात लावायला कधीही सांगू नका.

पायरी ५: न सापडलेले युनिट लपवू नका

बिल ३३० युनिटांचं आणि उपकरणांची बेरीज २८५ आली, तर उरलेले ४५ सगळ्यांत वाटून टाकण्याचा मोह होतो. तसं केलं की प्रत्येक आकडा थोडा खोटा होतो. त्याऐवजी लिहा, ‘४५ युनिट कुठे गेले ते अजून सापडलं नाही.’ लोकांना मग आठवतं: सेट-टॉप बॉक्स, वायफाय, देवघरातला रात्रंदिवस जळणारा बल्ब. बेरीज बिलापेक्षा जास्त आली तर सगळ्यांत मोठ्या उपकरणाचे प्रश्न पुन्हा विचारा. आकडेही गोल ठेवा. ‘सुमारे १,७५० रुपये’ हे ‘१,७७४.८०’ पेक्षा खरं आहे.

पायरी ६: पडद्यावर एक वाक्य, मग बाकीचं

उघडताच आलेख नको. एक वाक्य असावं: ‘एसी रोज एक तास कमी लावला तर या महिन्यात सुमारे अमुक रुपये वाचतील.’ आठवड्यातून एकदा मीटरचं रीडिंग भरायची सोय दिली, तर ‘याच वेगानं २२ तारखेला ३०० युनिट ओलांडाल’ असं वेळेवर सांगता येतं. महिना संपल्यावर सांगून उपयोग नसतो.

फ्रिज बंद करा असं अ‍ॅपनं कधी सुचवू नये. घरात लहान बाळ किंवा आजारी माणूस असेल तर पंख्या-एसीबद्दलच्या सूचना बंद करता याव्यात.

ही सगळी माहिती फोनमध्येच ठेवा. कोणत्या दिवशी वापर शून्य होता, यावरून घर केव्हा रिकामं असतं हे कळतं. ग्राहक क्रमांकाची तर या हिशेबाला गरजच नाही, तो मागू नका.

शेवटी चार-पाच घरांत जाऊन बसा. फोन बिल भरणाऱ्याच्या हातात देऊ नका, गिझर लावणाऱ्याच्या आणि इस्त्री करणाऱ्याच्या हातात द्या. कोणत्या प्रश्नावर बोट थांबतं ते लिहून घ्या आणि तो प्रश्न बदला. पुढचं बिल आलं की त्याच घरांत परत जा आणि अ‍ॅपचा अंदाज बिलाशेजारी ठेवून त्यांच्यासमोरच पडताळा.