किनारदार वायनडॉटसाठी पैदाशीचा कोंबडा निवडताना

सिल्व्हर लेस्ड वायनडॉट ही कोंबड्यांची अमेरिकेची जात. पांढऱ्या पिसाला काळी किनार. कोंबडा निवडायची घाई नको. पिल्लाच्या पिसांवरून काहीच ठरत नाही, सात-आठ महिन्यांचा होऊन पक्की पिसं आली की मगच बघा.

नजर आधी छातीवर. मान आणि पाठ दिसायला झकास, पण तलंगांची (तरुण माद्यांची) किनार कशी येईल याचा अंदाज छातीवरूनच येतो. एक पीस उपटून उजेडात धरा. मधला भाग स्वच्छ पांढरा आणि किनार सगळीकडे सारख्या जाडीची, हिरवट चमकेची काळी हवी. पांढऱ्यात काळे ठिपके असतील किंवा काळ्या किनारीबाहेर आणखी पांढरी कड असेल तर तो नको.

मानेवर-पाठीवर पितळी पिवळेपणा दिसला तर सावध. उन्हानेही तो येतो, पण कोंबड्यात सोनेरी रंगाचा जनुक लपलेला असू शकतो. रंग लिंगाशी जोडलेला, म्हणजे मादीला तो बापाकडूनच मिळत असल्याने, मग साधारण निम्म्या माद्या सोनेरी निघतात.

तुरा गुलाबतुरा, म्हणजे रुंद, चपटा आणि डोक्याला चिकटून बसलेला. मात्र दोन्हीकडून गुलाबतुऱ्याचाच जनुक आलेल्या नरांची फलनक्षमता कमी पडते, म्हणून कळपात एकेरी (एकाच उभ्या पात्याच्या) तुऱ्याच्या एक-दोन माद्या जरूर ठेवा, म्हणजे त्यांच्या नरांत तो जनुक एकाच बाजूने येतो.

एका नरामागे आठ-दहा माद्या. गुदद्वाराभोवतीची दाट पिसं दोघांचीही कातरा, नाहीतर अंडी वांझ निघतात. जुन्या नराचं वीर्य मादीत टिकून राहतं, म्हणून तो काढल्यावर तीन आठवडे तरी अंडी उबवायला ठेवू नका.