लेकीचे बाप झालात? पहिल्या वर्षात या चुका टाळा

माझी लेक मे महिन्यात जन्मली. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात तेव्हा दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नव्हतं. बाळंतपण रीतीप्रमाणे बायकोच्या माहेरी, पांढरकवड्याकडच्या एका खेड्यात. मी दर रविवारी गाडी काढून जायचो. बाहेरच्या खोलीत बसायचं, चहा घ्यायचा. सासूबाई पोरीला कुंचीत गुंडाळून आणायच्या, "जवाईबापू, मान सांभाळजा" म्हणत माझ्या मांडीवर ठेवायच्या आणि पाच मिनिटांत परत न्यायच्या. असे दोन महिने गेले. माझी पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच. मी माझ्याच लेकीकडे पाहुणा म्हणून जात होतो. पुढच्या बऱ्याच चुका त्यातूनच झाल्या, कारण ज्याच्या हाताला बाळाची सवय नाही, त्याला बाळाचं काही बिनसलं तरी कळत नाही.

सासुरवाडीत राहायला लाज वाटते, शेताची कामं असतात, हे मला माहीत आहे. तरी पहिल्या महिन्यात निदान दोन-तीन वेळा मुक्काम कराच. रात्री बाळ घ्या. शर्ट काढून तिला नुसत्या लंगोटावर आपल्या उघड्या छातीशी धरा, वरून लुगड्याचं मऊ पांघरूण घ्या. बाळ अडीच किलोच्या आत असेल तर ही ऊब औषधासारखी लागते आणि ती बापालाही देता येते.

आशाताईंच्या भेटीही चुकवू नका. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी त्या घरी येतात, वजन करतात, ताप पाहतात. ही पद्धत आपल्या विदर्भातली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं खेड्यातल्या बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. बालमृत्यू किती कमी झाले ते 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि 2011 पासून देशभर हे काम आशांकडे आलं. त्या सहा तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि जमेल त्या दिवशी हजर राहा. बाळाचा श्वास कसा मोजायचा, हे मी एकविसाव्या दिवशी आशाताईंकडूनच शिकलो.

"एवढ्या उन्हात चमचाभर पाणी तरी पाज"

मे महिन्यात हे वाक्य रोज ऐकू येतं, आणि बोलणारी माणसं प्रेमाचीच असतात. पण सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला पाण्याचा थेंबही लागत नाही. पारा 46 वर गेला तरी नाही. आईच्या दुधात जवळजवळ 88 टक्के पाणीच असतं. वरून पाणी पाजलं की इवलंसं पोट भरतं, बाळ दूध कमी ओढतं, आणि पाण्यातून हगवण लागते ती वेगळीच. पाणी लागतं ते आईला. बापाचं काम म्हणजे तिच्या उशाशी भरलेला तांब्या ठेवणं आणि बाळाला जास्त वेळा अंगावर घ्यायला तिला निवांतपणा मिळवून देणं.

दूध पुरतं की नाही, हे रडण्यावरून ठरवू नका. पहिला आठवडा उलटल्यावर दिवस-रात्र मिळून सहा किंवा जास्त लंगोट ओले होत असतील आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतं. माझी चुलती "दूध अंगी लागत नाही" म्हणून डब्याची पावडर आणायला निघाली होती. आम्ही एक दिवस लंगोट मोजले. नऊ निघाले. डबा आणला नाही.

कूलरचं म्हणाल तर लावा, पण हवेचा झोत थेट बाळावर नको आणि खिडकी थोडी उघडी हवी, नाहीतर खोली नुसती दमट होते. खरी भीती पत्र्यात उतरणाऱ्या करंटची. उन्हाळ्यात आपल्याकडे कूलरचा शॉक लागून माणसं जातात, हे कुणाला सांगायला नको. पहिल्या उन्हाळ्यात बाळ बाजेवर असतं, पण दुसऱ्या उन्हाळ्यात ते धरून उभं राहतं आणि सगळ्यात आधी त्या गार पत्र्यालाच हात लावतं. अर्थिंग तपासून घ्या, करंट उतरला की वीज तोडणारं ईएलसीबी बसवा आणि पाणी भरताना प्लग काढाच.

"पोरीचे लंगोट बापानं बदलू नयेत"

माझ्या आईनं हे सांगितलं आणि मी ऐकलं. पोरगी आहे, बायकांचं काम आहे, असं मलाही वाटलं. मग पाचव्या दिवशी लंगोटावर रक्ताचा डाग दिसला आणि मी अर्ध्या रात्री दवाखान्यात फोन लावत सुटलो. नर्सताईंनी शांतपणे सांगितलं की पोटात असताना आईची संप्रेरकं बाळाकडे जातात, ती ओसरली की पहिल्या आठवड्यात मुलींना किंचित रक्त किंवा पांढरं जातं आणि आपोआप थांबतं. छाती सुजल्यासारखी दिसते, तीही त्यामुळेच. ती दाबून "दूध काढणं" ही जुनी रीत आहे. कुणालाही ते करू देऊ नका, त्यानं गळू होतं. पहिल्या आठवड्यानंतर रक्त दिसलं किंवा जास्त गेलं, तर मात्र डॉक्टर.

पुसताना एवढंच लक्षात ठेवा की हात पुढून मागे न्यायचा, मागून पुढे कधीच नाही. मुलींना लघवीच्या जागी जंतुसंसर्ग लवकर होतो. आता आमच्याकडे सकाळचे लंगोट मीच बदलतो. आईनं काही दिवस तोंड वळवलं, मग स्वतःच मला सुती कापड फाडून देऊ लागली.

रात्री रडं थांबत नाही तेव्हा

दीड-दोन महिन्यांपर्यंत रडणं वाढत जातं आणि पुढे तीन-चार महिन्यांत उतरतं. हे माहीत नसल्यामुळे घरात दृष्ट, बाहेरची बाधा, मीठ-मिरच्या असं सगळं सुरू होतं. आधी दूध पाहा, मग लंगोट. मग मानेमागे हात लावा, घाम आला असेल तर एक कपडा उतरवा. आपण बाळाला नेहमीच जास्त गुंडाळतो. खांद्यावर उभं धरून ढेकर काढा. तरीही थांबत नसेल तर झबलं पूर्ण काढून अंग बघा. आमच्याकडे एकदा काखेत मुंगी निघाली. हातापायाची बोटं एकेक करून तपासा, आईचा लांब केस बोटाला आवळून बसलेला असतो आणि तो दिसत नाही.

सगळं करूनही रडत असेल आणि तुमचा संताप वाढत असेल, तर तिला बाजेवर उताणी ठेवा आणि पाच मिनिटं अंगणात जा. बाळाला गदागदा हलवायचं नाही, एकदाही नाही. त्यानं मेंदूत रक्तस्राव होतो.

झोपवताना नेहमी उताणंच, मऊ उशी-गोधडी तोंडाजवळ नको. पावसाळ्यात जमिनीवर तर मुळीच नको, मण्यार रात्री घरात शिरते. बाज आणि अंथरुणाखाली नीट खोचलेली मच्छरदाणी. दारू पिऊन आलेल्या बापानं त्या रात्री बाळाशेजारी झोपू नये.

फवारणीचे हात

याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून थोडं जास्त लिहितो. पोरगी तिसऱ्या महिन्यात आमच्या घरी आली तेव्हा कपाशीवर फवारणी सुरू होती. संध्याकाळी पंप उतरवला की मी हातावर पाणी घालायचो आणि धावत जाऊन तिला उचलायचो. ती माझी बाही तोंडात धरून चोखायची. आठ दिवस हे चाललं. मग एकदा बायको म्हणाली, "अजी, तुमच्या अंगाचा वास पोरीच्या टोपऱ्याला येते." मी जागेवरच बसलो. 2017 च्या हंगामात आमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. धडधाकट माणसांच्या कातडीतून जे आत जातं, ते पाच किलोच्या बाळाला मी बाहीवरून चाटवत होतो.

तेव्हापासून घरात पाय टाकायच्या आधी कपडे गुरांच्या कोठ्याजवळ उतरतात. साबणानं डोक्यापासून आंघोळ होते, मगच पोरगी. फवारणीचे कपडे वेगळ्या बादलीत, लंगोटांसोबत कधीच नाही. औषधाच्या रिकाम्या बाटल्या घरात येत नाहीत. बाळाच्या तोंडातून एकाएकी खूप लाळ गळू लागली, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, उलट्या झाल्या, अंग ढिलं पडलं, तर क्षणभरही थांबू नका. 108 ला फोन करा आणि औषधाची बाटली सोबत न्या.

खर्र्याचंही, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या घोट्याचंही, तेच. घोटलेल्या हातानं बाळाच्या ओठांना हात लावू नका, त्या तोंडानं पापा घेऊ नका. रांगतं पोर खर्र्याची पडलेली पन्नी उचलून चघळतं, आणि तंबाखूचा छोटासा तुकडाही त्याला विषच आहे. मी सोडला. अकरा महिने झाले.

दिवाळीनंतर कापूस घरात येतो. तो बाळाच्या खोलीत भरू नका. अंगाला खाज सुटते, आणि ढिगात तोंड रुतलं तर बाळाला मान वळवता येत नाही.

लगेच दवाखाना

बाळ दूध ओढेनासं झालं, रडं क्षीण झालं, शांत असताना श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त भरला (दोन महिन्यांनंतर 50), श्वास घेताना छाती खाली आत ओढली गेली, अंग तापलं किंवा गार पडलं, नाळेतून पू आला, झटका आला, पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत उतरला किंवा पहिल्याच दिवशी दिसला, तर सकाळची वाट पाहू नका. आजारी तान्ह्या बाळासाठी 102 ची गाडी फुकट मिळते. काविळीसाठी बाळाला उन्हात धरणं हा उपाय नाही, आपल्या उन्हात तर नाहीच.

काजळ नको, कान-नाकात तेल नको, नाळेवर हळद-राख नको, वर्षाच्या आत मध नको, जन्मघुटी नको. नाळ कोरडी राहिली की आपोआप गळते.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी मात्र कराच, आईची आणि तुमचीही. आपल्या भागात हा आजार बराच आहे. दोघंही वाहक असाल तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. बाळाचं लवकर कळलं तर उपचार लवकर सुरू होतात. बरेच बाप स्वतःचं रक्त द्यायला टाळतात, हे मी आमच्या उपकेंद्रात पाहिलं आहे.

बायकोसमोर सांत्वन ऐकून घेणं

"पहिली बेटी, धनाची पेटी," असं म्हणत लोक येतात आणि मागाहून "पुढच्या वेळी होईल" हेही म्हणतात. मी मान हलवत राहिलो. बायको आतून ऐकत होती. तिथल्या तिथे बोला. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येतं, पण दोन आठवड्यांनंतरही ती उदास असेल, बाळाला घ्यावंसं वाटत नसेल, तर डॉक्टरांकडे न्या. 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी नंबरवर मराठीत बोलता येतं.

कागदपत्रं

जन्माची नोंद 21 दिवसांत फुकट होते, पण ती जिथे जन्म झाला तिथेच. मी आमच्या ग्रामपंचायतीत दोन खेपा घातल्या, मग कळलं की नोंद बाळंतपणाच्या दवाखान्याकडे आहे. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्यांना शाळेपासून सगळीकडे हाच दाखला लागणार आहे, म्हणून आई-बापाच्या नावाची अक्षरं आधारशी ताडून घ्या. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर अंगणवाडी सेविकांकडे 'लेक लाडकी' या सरकारी योजनेचा अर्ज द्या. जन्मल्यावर 5,000 आणि पुढे टप्प्याटप्प्यानं, अठरा पूर्ण झाल्यावर 75,000 धरून, एकूण 1,01,000 रुपये मिळतात. पोस्टात मुलीच्या नावानं सुकन्या समृद्धीचं बचत खातं वर्षाला 250 रुपयांपासून चालतं.

दाखल्यावर बाळाचं नाव वर्षाच्या आत फुकट चढवता येतं. आम्ही बारशाला नाव ठेवलं, पण दाखल्यावर ती जागा दहा महिने कोरीच राहिली. परवा पोरीला कडेवर घेऊनच गेलो आणि ते नाव लिहून घेतलं.