फ्रिजियन योद्ध्यांची शस्त्रं जुन्या चित्रांवरून ओळखताय? मग या चुका टाळा

फ्रिजियन सैनिक, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या प्राचीन फ्रिजियाचा सैनिक, म्हटलं की बरेच जण त्याला पुढे वाकलेल्या टोकाचं हेल्मेट घालून मोकळे होतात. पण ज्याला आज फ्रिजियन हेल्मेट म्हणतात ते मुख्यतः थ्रेशियन, ग्रीक आणि मॅसेडोनियन सैनिकांचं, आणि तेही फ्रिजियाच्या मिडास राजानंतर कितीतरी पिढ्यांनी आलेलं. ग्रीक भांड्यांवरच्या टोकदार टोपीलाही फसू नका, ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस असो की दंतकथेतल्या लढवय्या अ‍ॅमेझॉन बायका, पूर्वेकडचं कोणी दाखवायचं असलं की चित्रकार बऱ्याचदा तीच टोपी द्यायचे.

मग बघायचं काय, तर पाझारलीच्या फरशा. तुर्कस्तानात चोरुमकडे सापडलेल्या या भाजलेल्या मातीच्या रंगीत फरशा आता अंकाराच्या म्युझियममध्ये आहेत, त्यावर तुरेवाली हेल्मेटं, गोल ढाली आणि भाले घेतलेलं पायदळ रांगेत चाललंय. माझ्या मते यापेक्षा भरवशाचं चित्र नाही, पण इथेही लोक घाई करतात. सगळे सैनिक सारखे दिसतात म्हणून "यांना युनिफॉर्म होता" असं लगेच म्हणू नका, अशा फरशा साच्यातून काढायचे त्यामुळे एकच माणूस पुन्हा पुन्हा येणारच. आणि ढालीने छाती झाकलीय, तर त्यामागे ब्राँझचं चिलखत होतं की नुसता अंगरखा हे त्या फरशीवरून ठरवता येत नाही, तिथे ग्रीक हॉप्लाइटचं (जड शस्त्रांच्या पायदळ सैनिकाचं) चिलखत आणून बसवू नका प्लीज.

काळाचा घोळ तर फारच होतो. पाझारलीच्या फरशा इ.स.पू. सहाव्या शतकातल्या, मिडास आठव्याच्या शेवटचा. फ्रिजियाच्या राजधानीचा, गॉर्डियनचा, उत्खननातला जळालेला थर जुन्या पुस्तकांत इ.स.पू. 700 च्या आसपासचा धरलेला असतो, नव्या तपासणीत तो साधारण 800 पर्यंत मागे गेलाय, म्हणजे तिथली वस्तू वापरताना पुस्तक कधीचं आहे ते आधी बघा.

जागेवरूनही माणूस ठरवू नका. ततार्लीची रंगवलेली लाकडी कबर फ्रिजियातच आहे, पण तिच्यावरची लढाई पर्शियन विरुद्ध सिथियन अशी आहे.

इ.स.पू. 480 च्या पर्शियन राजा झर्क्सीसच्या फौजेतला फ्रिजियन काढायचा असेल तर ग्रीक इतिहासकार हेरोडोटस धरा. तो म्हणतो यांचा सरंजाम जवळपास शेजारच्या पॅफ्लागोनियन लोकांसारखाच होता, म्हणजे विणलेली शिरस्त्राणं, लहान ढाली, बेताचे भाले, शिवाय फेकायचे भाले, खंजीर आणि अर्ध्या नडगीपर्यंतचे बूट. विणलेलं शिरस्त्राण मातीत सहसा टिकत नाही, तेव्हा उत्खननात मिळालं नाही म्हणून ते काढून टाकू नका.