जळगाव-धुळ्याकडून इटालियन शिकायला इटलीत जायचं असेल तर

बारावी झाली आणि इटालियन भाषा-साहित्यच घ्यायचं असं पक्कं ठरलं असेल तर आधी भाषा, मग कागदपत्रं, उलटं अजिबात करू नका. इटालियनमधून शिकवतात त्या डिग्रीला साधारण बी२ लेव्हल (युरोपच्या भाषा-मोजपट्टीवर मध्यमाच्या वरची पायरी) मागतात आणि नुसत्या मोबाइल ॲपवर तिथपर्यंत पोचणं अवघड आहे, रोज कुणाशी तरी बोलावंच लागतं. आपल्या गावात क्लास नसला तरी ऑनलाइन शिकवणारे भरपूर आहेत, परीक्षा मात्र मान्यता असलेलीच द्या: सिएनाची चिल्स, पेरुजाची चेली नाहीतर दान्ते अलिगिएरी सोसायटीची प्लिदा. त-द चे उच्चार आपल्याला आयतेच जमतात, फक्त जोडाक्षरावर नीट जोर द्या, कारण पाला म्हणजे फावडं आणि पाल्ला म्हणजे चेंडू.

घरी अहिराणी नाहीतर लेवा गणबोली बोलत असाल तर एक गोष्ट तुम्हाला इतरांपेक्षा लवकर कळेल. इटली १८६१ मध्ये एक देश झाला तेव्हा इटालियन येणारे लोक शंभरात जेमतेम अडीच होते असा तुल्लिओ दे माउरो या भाषातज्ज्ञांचा अंदाज आहे. प्रमाण भाषा आली फ्लॉरेन्सकडच्या बोलीवरून, दान्ते, पेत्रार्का, बोकाच्चो यांच्या चौदाव्या शतकातल्या लिखाणातून, आणि नेपल्स, सिसिली, व्हेनिसकडे आजही घरात आपापली बोली चालते. त्यामुळे वर्गात सगळं समजलं आणि बाजारात काहीच नाही समजलं तर खचू नका, शाळेत बाईंशी एक आणि आजीशी दुसरी भाषा बोलतच आपण मोठे झालोय.

कॉलेज निवडताना सिएना आणि पेरुजा आधी बघा, दोन्हीकडे खास परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या सरकारी युनिव्हर्सिटी आहेत. बोलोन्या तर १०८८ पासूनची मानतात. बॅचलर म्हणजे लाउरेआ ३ वर्षांची, १८० क्रेडिट.

खरी तयारी लागते ती तोंडी परीक्षेची. समोर प्रोफेसर बसलेले, पुस्तकातला एखादा उतारा काढून देतात आणि त्यावर बोला म्हणतात, पाठांतर तिथं दोन वाक्यांत संपतं. मार्क ३० पैकी, १८ ला पास, आणि मार्क कमी वाटले तर बऱ्याच ठिकाणी ते नाकारून परत बसता येतं. म्हणून इथूनच वाचलेलं मोठ्यानं इटालियनमध्ये सांगायची सवय लावा, मी तर म्हणेन व्याकरण थोडं कच्चं राहिलं तरी चालेल पण हे सोडू नका.

पैशाचं टेन्शन असेल तर सरकारी युनिव्हर्सिटीत फी बहुतेक घरच्या उत्पन्नावर ठरते, शिवाय प्रादेशिक स्कॉलरशिप असते, त्यासाठी घरच्या उत्पन्नाचे आणि घराचे कागद भाषांतरासकट लागतात, ते काढायला वेळ जातो म्हणून लवकर लागा. मार्कशीट आणि पासपोर्टवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना ते आत्ताच बघा. मग युनिव्हर्सिटाली या इटलीच्या सरकारी पोर्टलवर प्री-एनरोलमेंट म्हणजे आधीची नावनोंदणी, त्यानंतर व्हिसाचं काम मुंबईतून. तिथं उतरल्यावर कामकाजाच्या ८ दिवसांत पोस्ट ऑफिसातून राहण्याच्या परवान्याचा अर्ज करायचा, त्याची पावती जपून ठेवा, कार्ड हातात येईपर्यंत तीच दाखवावी लागते.