के लिहायचा, पण म्हणायचा नाही : अक्षरांच्या जोडीवरून इंग्रजी शब्द कसे शिकावेत

भाचीच्या वहीत 'नाइफ' हा शब्द एन-आय-एफ-ई असा लिहिलेला होता आणि त्यावर भलीमोठी लाल फुली. मे महिना, बाहेर नागपूरचं ऊन, आत कूलरची घरघर. पोर सातवीतली. म्हणाली, "मामा, के म्हणाचाच नाही तर लिहाचा कायले?"

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर शोधता शोधता शब्द पाठ करायची जी रीत हाती लागली, ती सांगतो.

आधी ए ते झेड अशी शब्दांची वही बंद करा. तिच्यात शेजारी बसलेल्या शब्दांचं एकमेकांशी काही नातं नसतं, म्हणून ते टिकत नाहीत. त्याऐवजी शंभरपानी वही घ्या आणि एक पान एका अक्षरजोडीला द्या. सुरुवातीला चारच जोड्या पुरे : के-एन, डब्ल्यू-एच, जी-एच आणि सी-एच. पानावर सात-आठ शब्द, ते शक्यतो मुलाच्या पाठ्यपुस्तकातलेच. जोडी एका रंगात लिहा, उरलेला शब्द दुसऱ्या रंगात. मी पहिल्या झटक्यात सगळ्या मुक्या अक्षरांचा तक्ता करून फ्रीजवर चिकटवला होता. त्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

पहिलं पान के-एनचं, आणि ते स्वयंपाकघरात उघडा. ताई कणीक भिजवत होती, तिथेच भाचीला बसवलं. कणीक मळणे म्हणजे 'नीड'. ज्या पेरांनी ती कणीक दाबत होती ती 'नकल'. ओट्यावरची सुरी 'नाइफ', एप्रनची गाठ 'नॉट', खाली सांडलेलं पीठ पुसायला गुडघे टेकले तर 'नील', आणि टेकले तो गुडघा 'नी'. दारावर टकटक झाली की 'नॉक'. एवढे शब्द, एक प्रसंग. वहीत लिहिण्याआधी हाताने करून झाले होते, म्हणून रात्री विचारले तेव्हा एकच चुकला.

आता तिच्या प्रश्नाचं उत्तर. जुन्या इंग्रजीत हा के खरोखरच म्हणत असत. सतराव्या शतकाच्या सुमारास तो लोकांच्या जिभेवरून उतरला. पण कॅक्स्टनने इंग्लंडात १४७६ मध्येच छापखाना घातला होता, आणि छापून छापून शब्दांची जुनी रूपं पक्की होत गेली. उच्चार पुढे निघून गेला, स्पेलिंग मागे राहिलं. जर्मन माणूस आजही गुडघ्याला 'क्नी' म्हणतो, के सकट. शिवाय हा के लिहिण्यात उपयोगी पडतो. 'नीड' म्हणजे गरज आणि 'नीड' म्हणजे मळणे, कानाला दोन्ही सारखेच. कागदावर के त्यांना वेगळं करतो.

आणि इथे एक गंमत आहे, ती मुलांना जरूर सांगा. 'आजानुबाहू' म्हणजे ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोहोचतात तो. त्यातला संस्कृत 'जानु' आणि इंग्रजी 'नी' एकाच मुळाचे. 'नो' म्हणजे जाणणे, तो तर आपल्या 'ज्ञान'चा आणि 'जाण'चा भाऊबंद. ज्ञ लिहितो एक आणि उच्चारतो भलतंच, हे मराठी माणसाने इंग्रजांना काय शिकवावं!

डब्ल्यू-एचचं पान मला सगळ्यात आवडतं. डावीकडे व्हॉट, व्हेन, व्हेअर, व्हाय, हू लिहा. उजवीकडे काय, केव्हा, कुठे, का, कोण. तिकडे प्रत्येकाच्या तोंडाशी डब्ल्यू-एच, इकडे क. हा योगायोग नाही. दोन्ही भाषांच्या दूरच्या पूर्वजात प्रश्न 'क'सारख्या आवाजाने सुरू व्हायचा. आपल्याकडे तो टिकला, इंग्रजीत झिजून डब्ल्यू-एच झाला. याच पानावर 'व्हील' लिहा, समोर 'चाक'. तेही एकाच मुळाचे. 'व्हाइट' आणि 'श्वेत' तसेच. 'व्हीट' म्हणजे गहू हा शब्द 'व्हाइट'वरूनच निघालाय, पीठ पांढरं म्हणून. फक्त 'होल' म्हणजे अख्खा, या शब्दाला इथे बसवू नका. त्याला डब्ल्यू फार उशिरा चिकटला.

जी-एचचे दोन भाग करा. नाइट, लाइट, फाइट, राइट यांत तो मुका असतो. हलका या अर्थाचा 'लाइट' आणि आपला 'लघु' नातेवाईक, तेव्हा तो जी-एच कुठून आला ते कळतं. दुसरा भाग रफ, कफ, लाफ, इनफ यांचा, तिथे तो फ होतो. 'बॉट' आणि 'ब्रॉट' यांत मोठी माणसंही गोंधळतात. युक्ती साधी : 'ब्रिंग'मध्ये आर आहे, म्हणून 'ब्रॉट'मध्येही आहे, 'बाय'मध्ये नाही. बर्डीवरून, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून, संत्री बॉट, घरी ब्रॉट.

सी-एचला फार वेळ देऊ नका. ग्रीकमधून आलेल्या केमिस्ट, स्कूल, स्टमक यांत क. फ्रेंचमधून आलेल्या शेफ, मशीन यांत श. बाकी बहुतेक ठिकाणी साधा च.

उजळणीला वही नको, रस्ता हवा. संध्याकाळी ऊन उतरलं की मुलाला घेऊन बर्डीला किंवा महाल भागात चक्कर मारा. जिथे एकाच पाटीवर इंग्रजी आणि मराठी दोन्ही असेल, तिथे थांबा. मराठी ओळीत उच्चार आयता लिहिलेला असतो. 'निटवेअर'च्या दुकानापाशी विचारा, इंग्रजीत कोणतं अक्षर जास्तीचं आहे? घरी आल्यावर अर्थ मराठीत सांगा आणि शब्द त्याला लिहू द्या. चुकलेला शब्द दहादा लिहायला लावू नका, हात दुखतो, बाकी काही होत नाही. तो उद्या पुन्हा विचारा आणि रविवारी परत एकदा.

पाट्यांवर डोळे झाकून विश्वास मात्र ठेवू नका. गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या भिंतीवर रंगवलेला 'प्लंबर' भाचीने वाचला, मग शब्दकोशात पाहिला. तिथे उच्चार 'प्लमर', बी मुका. मी सांगितलं, पूर्वी नळ शिशाचे असत आणि शिशाला लॅटिनमध्ये 'प्लंबम' म्हणत. ती आत गेली, विज्ञानाच्या पुस्तकातला तक्ता घेऊन आली आणि शिशावर बोट ठेवलं. चिन्ह होतं पी-बी. "हा पाहा मामा, तुमचा बी!" मग वहीचं कोरं पान काढून वर एम-बी लिहिलं आणि खाली 'प्लंबर', 'थम', 'कोम', 'लॅम'.