छत्रपती संभाजीनगरच्या उपनगरांत भाड्याचं घर कसं शोधावं

वाळूजच्या कंपनीत नोकरी लागते, शेंद्र्याला बदली होते, किंवा मुलीच्या कॉलेजसाठी परभणी-हिंगोलीकडून सगळं बिऱ्हाड हलवायचं ठरतं. मग जो भेटेल त्याला आपण पहिलं विचारतो, "तिकडं भाडं काय चाललंय?" माझं ठाम मत आहे की हा प्रश्न नंतर विचारायचा. मराठवाड्यात आधी पाण्याचं विचारायचं. हजार रुपयांनी स्वस्त मिळालेली खोली एप्रिल उजाडला की टँकर आणि जारच्या पैशांनी महाग पडते, आणि रात्री बारा वाजता नळाला पाणी येणार म्हणून जागायचं ते वेगळंच.

आधी शहराची बाजू ठरवा

हे शहर जालना रोडच्या आधारानं लांबलचक पसरलं आहे. पश्चिमेला वाळूज, पूर्वेला चिकलठाणा आणि त्याच्याही पुढं शेंद्रा, या इथल्या औद्योगिक वसाहती. वाळूज आणि शेंद्रा यांच्यामध्ये अख्खं शहर आडवं येतं. त्यामुळे "मधोमध कुठंतरी घेऊ, दोन्हीकडं बरं पडेल" हा विचार नवराबायकोच्या नोकऱ्या दोन टोकांना असतील तरच करा. नाहीतर कामाच्या बाजूलाच घर बघा.

वाळूजसाठी बजाजनगर, सिडकोचं वाळूज महानगर, तीसगाव, वडगाव कोल्हाटी, रांजणगाव शेणपुंजी, पंढरपूर हे भाग. (हे वाळूजजवळचं छोटं पंढरपूर. आषाढी एकादशीला इथं दर्शनासाठी मोठी गर्दी होते. त्या दिवशी सामान हलवायचं ठरवू नका.) शेंद्रा-चिकलठाण्यासाठी मुकुंदवाडी, चिकलठाणा, सिडकोचे एन सेक्टर, आणि अगदी जवळ हवं तर कुंभेफळ. घाटी रुग्णालय किंवा विद्यापीठ असेल तर पहाडसिंगपुरा, हर्सूल, पडेगाव. कुटुंबासाठी रो-हाऊस किंवा नव्या इमारतीतला फ्लॅट हवा असेल, तर लोक बीड बायपासला सातारा-देवळाईकडं किंवा पैठण रोडला नक्षत्रवाडी-कांचनवाडीकडं वळतात. तिथं हवा चांगली, घरं ऐसपैस. मात्र सातारा-देवळाई हा भाग आधी ग्रामपंचायतींचा होता आणि महापालिकेत नंतर आला, त्यामुळे घरं आधी उठली आणि नळ-ड्रेनेज मागून आले. गल्लीगणिक परिस्थिती बदलते. एका कॉलनीत सगळं नीट, तर पुढच्या कॉलनीत बोअर आणि सेप्टिक टँक.

कंपनीची बस असेल तर तिचा थांबा कुठं आहे ते एचआरला नाही, लाईनवर काम करणाऱ्या जुन्या माणसाला विचारा. सेकंड शिफ्ट सुटल्यावर शेअर रिक्षा मिळते का, थर्ड शिफ्टला गल्लीतून मेन रोडपर्यंत उजेड आहे का, हे दिवसा घर बघून कळत नाही. जमलं तर पैसे देण्याआधी आपल्या शिफ्टच्या वेळेला तो रस्ता एकदा चालून बघा. बाईमाणूस एकटं राहणार असेल, तर हे केल्याशिवाय पुढं जाऊच नका.

पहिले काही दिवस नातेवाइकाकडं, हॉस्टेलला किंवा पेइंग गेस्ट म्हणून काढा. गावाकडं बसून फोनवर घर ठरवू नका.

पाणी: काय विचारायचं आणि कुणाला

संभाजीनगरला पाणी येतं ते पैठणच्या जायकवाडी धरणातून. धरण भरलेलं असलं तरी शहराच्या नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांच्या अंतरानं येतं, आणि हे अंतर भागागणिक आणि ऋतूगणिक बदलतं. बजाजनगर एमआयडीसीच्या भूखंडांवर वसलेलं असल्यानं तिथली पाण्याची व्यवस्था महापालिकेच्या नळाहून वेगळी आहे. त्यामुळे "शहरात पाणी कसं आहे" या प्रश्नाला एक उत्तर नसतं. त्या गल्लीत पाणी कसं आहे, एवढंच विचारायचं.

घरमालकाला जरूर विचारा, पण त्याच्या उत्तरावर थांबू नका. समोरच्या घरातल्या काकूंना विचारा, पिठाच्या गिरणीवर विचारा, त्याच इमारतीतल्या दुसऱ्या भाडेकरूला जिन्यात गाठून विचारा. प्रश्न असे ठेवा:

"काकू, नळाला पाणी कितव्या दिवशी येतं? किती वाजता, आणि किती वेळ?"

"बोअरला मे महिन्यात पाणी टिकतं का?"

"मागच्या उन्हाळ्यात टँकर लागले का? पैसे मालकानं दिले की वाटून घेतले?"

"प्यायचं पाणी नळाचं की जारचं?"

तिसरा प्रश्न विसरू नका. बोअर आटल्यावर टँकरचे पैसे कोणी द्यायचे, यावरून दर उन्हाळ्यात मालक-भाडेकरूंची भांडणं होतात. हे आधी बोलून करारात लिहून घेतलं, तर दोघांचेही संबंध चांगले राहतात.

मग गच्चीवर जा आणि टाकी बघा. शहरी पाणीपुरवठ्याचं सरकारी मानक माणशी रोज १३५ लिटरचं आहे. आपल्याकडं लोक काटकसरीनं वापरतात, म्हणून माणशी ७० लिटर धरा. चौघांच्या घराला रोज २८० लिटर लागले. पाणी सहाव्या दिवशी येत असेल तर १,६८० लिटर साठवण हवी. वर ५०० लिटरची एकच टाकी आणि ती तीन भाडेकरूंत सामाईक असेल, तर ते घर कितीही देखणं असलं तरी सोडून द्या. खाली हौद आहे का, त्यात मोटार आहे का, मोटारीचं लाईट बिल कोणाच्या मीटरवर येतं, हेही तिथंच विचारा. उन्हाळ्यात कूलरलाही पाणी लागतं. आपल्या कोरड्या हवेत दिवसभर चाललेला कूलर बादलीमागून बादली पितो, ते हिशेबात धरा.

लातूर, जालना, नांदेडला घर बघणाऱ्यांनीही हेच करावं. लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, हे ज्यांनी पाहिलं ते आजही घर बघायला गेले की आधी हौदाचं झाकण उघडतात. लातूरमध्ये आणखी एक गोष्ट: क्लासेसचे प्रवेश सुरू झाले की खोल्या झपाट्यानं भरतात आणि भाडी चढतात. तिथं मूल शिकायला पाठवणार असाल तर निकालाची वाट बघत बसू नका.

घर सापडतं कुठं

उपनगरातली निम्मी घरं कुठल्याच वेबसाइटवर नसतात. गेटवर पाटी असते, "रूम भाड्याने देणे आहे", नाहीतर तीही नसते. म्हणून सकाळी किंवा संध्याकाळी, लोक ओट्यावर बसलेले असतात त्या वेळी गल्लीतून चाला. किराणा दुकान, मेडिकल, दूधवाला आणि त्या कॉलनीत धुणीभांडी करणाऱ्या मावशी यांना कुठली खोली कधी रिकामी होणार हे आधी ठाऊक असतं. नाव, गाव, कुठं कामाला, घरात किती जण, एवढं स्पष्ट सांगितलं की लोक मनापासून मदत करतात. परभणीकडच्या माणसाला गल्लीत परभणीचा माणूस भेटला, तर अर्धं काम झालंच.

एजंटकडून बघायचं असेल, तर त्याचे पैसे किती आणि कधी, हे पहिलं घर बघायच्या आधी ठरवा. नुसतं घर दाखवायचे पैसे मागणाऱ्याच्या मागं जाऊ नका.

ऑनलाइन जाहिरातीत घर सुंदर, भाडं फारच कमी, आणि मालक "मी लष्करात आहे, बदली झालीय, आधी टोकन पाठवा, मग किल्ली कुरिअरनं येईल" असं म्हणत असेल, तर ती फसवणूक आहे. पैसे घ्यायला क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही, एवढं घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. घर आतून पाहिल्याशिवाय आणि मालकाचं लाईट बिल किंवा कर पावती डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

घर बघताना

दुपारी दोन-तीनच्या सुमारास जा. वरच्या मजल्यावर थेट स्लॅबखाली खोली असेल, तर भिंतीला हात लावून बघा. मे महिन्यात इथं पारा चाळिशी ओलांडतो आणि तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत निवत नाही. खालचा मजला मिळत असेल तर थोडं जास्त भाडं देणं परवडतं. कूलर बसेल अशी खिडकी आहे का आणि तिच्याजवळ प्लग आहे का, तेही बघा.

आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. नव्या ले-आऊटमध्ये डांबरी रस्ता नसेल, तर जुलैत गाडी चिखलात रुतते. फरशी खचली आहे का, चौकटीच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा गेल्या आहेत का, हे नजरेखालून घाला.

विजेचं मीटर स्वतंत्र असेल तर उत्तम. बिलावरचा १२ अंकी ग्राहक क्रमांक घेऊन महावितरणच्या वेबसाइटवर मागची थकबाकी तपासा. एकाच मीटरवर चार खोल्या असतील तर लक्षात ठेवा: वापर जसा वाढतो तसा युनिटचा दर वरच्या टप्प्यात जातो. चौघांचे युनिट एकत्र मोजले की प्रत्येकाला महागडा दर पडतो. सबमीटर असेल तर मालक युनिटमागं किती घेणार, तो आकडा लिहून घ्या.

मालकाशी बोलताना

"फॅमिलीलाच देतो", "बॅचलर नको", "नॉनव्हेज चालणार नाही" हे ऐकावं लागेल. यापेक्षा वाईट म्हणजे आधी आडनाव विचारलं जातं, आणि ते ऐकून खोली एकाएकी "कालच गेली" होते. हे आपल्या शहरात घडतं आणि ते चूक आहे. कष्ट करून भाडं देणाऱ्या माणसाला जातीधर्मावरून दार बंद करणं कुठल्याच नियमात बसत नाही. पण ज्याच्यावर ही वेळ येते, त्याला त्या संध्याकाळी डोक्यावर छप्पर हवं असतं. अशा वेळी कंपनीतल्या सहकाऱ्याची ओळख कामाला येते, आणि बाहेरगावच्या कामगारांना वर्षानुवर्षं खोल्या देत आलेल्या वाळूजच्या चाळींत अडथळे तुलनेनं कमी येतात. तुमच्या ओळखीत एखादा घरमालक असेल, तर अशा माणसासाठी शब्द टाका.

भाडं ठरवताना "काका, मी वेळेवर देणारा माणूस आहे, दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत खात्यावर टाकतो" हे सांगणं घासाघीस करण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं. पाहुणे, गाडी लावायची जागा, गेट बंद करायची वेळ, हे सगळं याच बैठकीत विचारून घ्या.

करार: बॉण्डवर लिहिणं पुरेसं नाही

"अकरा महिन्यांचा बॉण्ड करू, नोटरी करू, झालं" असं बहुतेक जण म्हणतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, मुदत अकरा महिन्यांची असली तरी. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय नोंदणी नसेल तर वादात अटींबाबतचं भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. मालकाला हे शांतपणे सांगा. नोंदणी त्याच्याच हिताची आहे.

लिव्ह अँड लायसन्स कराराची (म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याच्या कराराची) नोंदणी आता ऑनलाइन होते. आधार आणि अंगठा लागतो, सेवा देणारा माणूस मशीन घेऊन घरी येतो. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. मुद्रांक शुल्क एकूण भाडं अधिक डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्के व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के. समजा भाडं ८,००० आणि डिपॉझिट २०,०००, तर अकरा महिन्यांचा हिशेब सव्वादोनशे रुपयांच्या आसपास येतो. सेवा देणाऱ्याची मजुरी वेगळी. हा खर्च निम्मा-निम्मा करायची पद्धत बरी.

करारात पुढच्या गोष्टी असल्याच पाहिजेत: डिपॉझिटची रक्कम आणि घर सोडल्यावर ती किती दिवसांत परत मिळणार, रंगकामाचे पैसे त्यातून कापणार की नाही, दोन्ही बाजूंनी किती दिवसांची नोटीस, दरवर्षी भाडं किती वाढणार, टँकरचा खर्च कोणाचा. मुदत संपण्याआधी नवा करार करा. मुदत संपूनही राहिलात तर कायद्यानं दुप्पट भाड्याची मागणी होऊ शकते.

डिपॉझिट खात्यावरच पाठवा. रोख द्यावंच लागलं तर सहीची पावती घ्या. पगारातून घरभाड्याची करसवलत घेणार असाल आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर जात असेल, तर मालकाचा पॅन लागतो. तो करार करतानाच मागून ठेवा, मार्चमध्ये मागायला गेलं की टाळाटाळ होते.

राहायला जाण्याच्या दिवशी

सामान आत नेण्याआधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा: नळ, बेसिन, भेगा, पंखे, मीटरचं रीडिंग. तो मालकाला व्हॉट्सअॅपवर पाठवा, म्हणजे तारखेसह नोंद राहते. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं मालकाचं काम आहे, ती महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवरून देता येते. त्यासाठी फोटो आणि ओळखपत्राची प्रत द्या, आणि माहिती भरल्याची पोच तुमच्याकडंही ठेवा. गॅस कनेक्शनचा पत्ता बदलायला नोंदणीकृत करार पत्त्याचा पुरावा म्हणून कामाला येतो. आधार कार्डावरचा पत्ताही हाच ठेवायचा असेल, तर तेही पहिल्याच महिन्यात उरकून टाका.